फोटो आणि लिखाण ऑनलाइन ठेवायचं कुठे? पहिल्यांदा आवरायला बसणाऱ्यांसाठी

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा नदीकाठच्या गावात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर तिनं पत्र्याच्या पेटीतला अल्बम अंगणात वाळत घातला. मी गेले तेव्हा ती एकेक पान उलटत होती. फोटो प्लास्टिकला चिकटले होते. ओढला की रंग प्लास्टिकवर राहायचा आणि पांढरा कागद हातात यायचा. त्यातले अकरा फोटो तेवढे वाचले, कारण दोन वर्षांपूर्वी एका बारशाला गेले असताना मी ते सहज मोबाईलवर काढून घेतले होते.

माझं स्वतःचं नुकसान पाण्यानं झालेलं नाही. एका मराठी संकेतस्थळावर मी चार वर्षं लिहीत होते. आईच्या बिड्या वळण्याच्या दिवसांबद्दल, वडिलांच्या गिरणीबद्दल, गल्लीतल्या तेलुगू-कन्नड शेजाऱ्यांबद्दल. साठेक लेख झाले असतील. ते संकेतस्थळ बंद पडलं. महिनाभर आधी कळवलं होतं म्हणे, पण ज्या ईमेलवर कळवलं तो मी वर्षभर उघडलाच नव्हता. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती.

पुरानंतरच्या दिवाळीला मी आवरायला बसले आणि संक्रांतीपर्यंत दर रविवारी तेच करत होते. मी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापड दुकानात हिशोब लिहिते, कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेलं नाही. जिथं जिथं अडले ते सगळं खाली लिहिलं आहे, म्हणजे तुमचे तेवढे रविवार वाचतील.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की करा. आपल्याकडे सोलापुरात संक्रांतीला होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो. दुकानं लागतात, पाळणे उभे राहतात आणि काही दिवसांनी मैदान पुन्हा मोकळं होतं. तिथं दुकान मांडणारा सगळा माल तिथंच ठेवत नाही, साठा त्याच्या घरी असतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही गड्ड्यातली दुकानं समजा. चार लोकांना दाखवायला उत्तम जागा, पण साठा तिथं ठेवायचा नाही. फुकट वेबसाइट बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. ज्या ऑर्कुटवर आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिला फोटो टाकला, ते ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. जून २०२० च्या अखेरीस सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि ज्यांचे व्हिडिओ फक्त तिथंच होते त्यांना ते उतरवून घ्यायलाही नीट वेळ मिळाला नाही. २०२४ मध्ये ट्विटरसारखं आपलं देशी कू गेलं. मायस्पेस तर चालूच होतं, पण सर्व्हर बदलताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेली गाणी आणि फोटो हरवले, हे २०१९ मध्ये बाहेर आलं. यातलं एकही नाव त्या त्या वेळी लहान नव्हतं.

लागणारं सामान आणि कागदपत्रं

- एक जाड वही. मोबाईलमध्ये यादी करू नका, मोबाईलच गेला तर यादीही जाते.
- लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. नसेल तर दोन-तीन रविवारांसाठी कुणाचा तरी मागून घ्या. हे काम नुसत्या मोबाईलवर होतं, पण फार जीव खातं.
- १ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. जमल्यास दोन, नाहीतर दुसरी पुढच्या वर्षी.
- डेटा केबल. काही स्वस्त केबली नुसतं चार्जिंग करतात, फाइली पलीकडे जातच नाहीत. मी अर्धा दिवस मोबाईललाच दोष देत बसले होते.
- लग्नाच्या सीडी-डीव्हीडी असतील तर बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह. नव्या लॅपटॉपला तो नसतोच.
- घरचं वायफाय. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाईल डेटावर हे काम महिनोन्‌महिने संपणार नाही.
- फोटो असलेलं ओळखपत्र. बंद झालेलं अकाउंट परत मागताना ते लागू शकतं. अकाउंटवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते आताच बघा. फेसबुकवर 'सोलापूरची राणी' असं नाव ठेवलं असेल तर तेव्हा पंचाईत होते.

१. काय कुठे आहे, ते वहीत लिहा

चार रकाने आखा : जागा, कोणत्या ईमेलनं किंवा नंबरनं उघडलं, साधारण कोणती वर्षं, आणि तिथं काय आहे. आठवत नसेल तर ईमेलच्या इनबॉक्समध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' हे इंग्रजी शब्द शोधा. विसरलेली अकाउंटं वर येतात. माझी अशी सात निघाली.

जुने मोबाईलही यादीत घ्या. कपाटात पडलेला, स्क्रीन फुटलेला, फुगलेल्या बॅटरीचा. बॅटरी फुगली असेल तर तो चार्जिंगला मात्र लावू नका, दुरुस्तीच्या दुकानात न्या आणि समोर बसून डेटा काढून घ्या. 'रीसेट मारू का?' असं विचारलं तर आधी 'नाही' म्हणा. रीसेट म्हणजे सगळं पुसणं.

खबरदारी : रकाना भरताना ज्या ज्या जागी जुना, बंद झालेला मोबाईल नंबर लावलेला दिसेल तिथं लाल पेनानं खूण करा. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या अकाउंटचा ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. हे काम यादी होईपर्यंतही थांबवू नका, खूण केली की लगेच नंबर बदला.

२. तीन ढीग करा

सगळ्यांनी बघावं असं, घरच्यांपुरतं, आणि फक्त माझं. नंदीध्वजाच्या मिरवणुकीचे फोटो पहिल्या ढिगात. बारशाचे, डोहाळजेवणाचे दुसऱ्यात. डायरी, आजारपणातले फोटो, भांडणानंतर लिहून ठेवलेलं पत्र तिसऱ्यात. ढीग मनातल्या मनात केले तरी चालतील, पण जागा निवडण्याआधी करा.

गॅलरीत आधार, पॅन, पासबुक, सातबाऱ्याचे फोटो सापडतील. ते या कामातून बाजूला काढा. सरकारी कागद डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये जातील. पासबुकाचा फोटो कौटुंबिक अल्बममध्ये पडून राहिला आणि तो अल्बम तुम्ही लिंकनं नातेवाइकांना पाठवला, तर पासबुकही गेलंच.

३. फोटोंचं घर निवडा

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगते.

बहुतेकांचा मोबाईल अँड्रॉइडचा, त्यामुळे बॅकअप चालू असेल तर फोटो आपोआप गुगल फोटोजमध्ये जातात. १ जून २०२१ पर्यंत तिथं ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता यायचे. तेव्हापासून नवे फोटो तुमच्या १५ जीबीत मोजले जातात. आणि हे १५ जीबी एकट्या फोटोंचे नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो, तिघांचे मिळून आहेत. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच धरतात. एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार हजारांच्या आसपास फोटो बसतात. एका लग्नात आणि एका गड्ड्यात हजार फोटो काढणारी माणसं आपण. व्हिडिओचा एक मिनिट सहज शंभर एमबीच्या घरात जातो.

जागा भरली की फोटो चढायचे थांबतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जीमेलवर नवी मेल येणंही थांबतं, हे कुणी सांगत नाही. मुलाच्या नोकरीचा कॉल, कॉलेजच्या प्रवेशाची मेल परत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून 'स्टोरेज फुल'ची सूचना बोटानं बाजूला सारू नका.

आयफोनवाल्यांना आयक्लाउडमध्ये ५ जीबी फुकट मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्येही ५. दोन्ही पुरत नाहीत.

मग काय करायचं? मला पटलं ते असं. वर्षाला थोडे पैसे भरून एकच जागा मोठी घ्यावी. पाच ठिकाणी पाच फुकट खाती उघडून फोटो विखरू नयेत. मी आधी तेच केलं होतं. तीन जीमेल अकाउंटं काढली, प्रत्येकाचे १५ जीबी. वर्षभरानं कोणता फोटो कुठे आहे ते मलाच सापडेना. गुगलचा १०० जीबीचा प्लॅन सामान्य घराला बरीच वर्षं पुरतो आणि तो घरातल्या माणसांबरोबर वाटून घेता येतो. पैसे भरायचे नसतील तर हार्ड डिस्क हेच मूळ घर धरा आणि गुगलवर फक्त निवडक फोटो ठेवा. तेही चालतं, फक्त मग सातव्या पायरीत हयगय चालणार नाही.

आता या जागेतले सापळे :

एक. गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला की तो मोबाईलमधूनही जातो आणि ऑनलाइनही. लोकांना वाटतं, मोबाईलची मेमरी मोकळी करतोय, वर तर आहेच. वरचा राहात नाही. मोबाईलची जागा मोकळी करण्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळा पर्याय आहे, 'फ्री अप स्पेस' नावाचा. तोच वापरा. चुकून उडवलाच तर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत असतो, तिथून परत आणता येतो. त्यानंतर नाही.

दोन. ॲप सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचे फोटो वर चढवतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि ते फोल्डर तुम्ही स्वतः चालू करावं लागतं. मावशीकडच्या त्या अकरा फोटोंपैकी चार मी भाच्याकडून व्हॉट्सॲपवर परत मागवले होते आणि ते कुठेच चढलेले नव्हते. फोल्डर चालू करताना आणखी एक करा : 'शुभ सकाळ'ची फुलं, देवांचे फॉरवर्ड आधी पुसून टाका, नाहीतर विकत घेतलेली जागा त्यानंच भरते.

तीन. 'स्टोरेज सेव्हर' निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणला जातो आणि मोठा व्हिडिओ '१०८०पी' या दर्जावर. रोजच्या फोटोंना हे पुरेसं आहे. जुन्या फोटोंच्या काढलेल्या प्रती आणि लग्नाचे फोटो मात्र 'ओरिजिनल'मध्ये ठेवा.

चार. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला अल्बम समजू नका. ४ एमबीचा फोटो तिथून दोन-तीनशे केबीचा होऊन पोहोचतो. मोबाईलवर छान दिसतो, फ्रेम करायला गेलात की चेहरे फुटतात. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, त्यातही थोडं आवळलं जातंच. मूळ फोटो हवा असेल तर समोरच्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. लग्नानंतर आठवडाभरात सांगा. नंतर त्यांच्याकडूनही उडालेला असतो.

डॉक्युमेंट म्हणून पाठवताना एक गोष्ट लक्षात असू द्या : फोटो कुठे काढला ती जागाही त्या फाइलीत लपलेली असते. घरच्यांना पाठवायला हरकत नाही, अनोळखी माणसाला घराचा पत्ता कशाला द्यायचा?

४. लिखाणाचं घर निवडा

फेसबुकवर लिहिलं की लगेच वाचणारे भेटतात, ते सुख मीही घेते. पण तीन वर्षांपूर्वीची स्वतःचीच पोस्ट तिथं शोधून बघा. सापडेपर्यंत चहा गार होतो. शिवाय अकाउंट हॅक झालं, कुणी खोटी तक्रार केली, तर एका रात्रीत दार बंद.

ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि २००३ पासून गुगलकडे आहे. फुकट, सोपं, मराठीत नीट चालतं. त्यात नवं काही येत नाही, अशी तक्रार असते. नुसतं लिहायचं असेल तर नवं काही लागतही नाही. वर्डप्रेस थोडं शिकावं लागतं, पण त्याची मोठी सोय अशी की ते सॉफ्टवेअर कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. आज फुकटच्या जागेवर सुरू केलेला ब्लॉग उद्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर हलवता येतो. ब्लॉगरवरचं लिखाणही त्यात आणता येतं. मी शेवटी वर्डप्रेसवर गेले, पण ज्यांना सेटिंगचा कंटाळा आहे त्यांना मी आजही ब्लॉगरच सांगते. लिहिणं थांबण्यापेक्षा ते बरं.

स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घेतलात तर फायदा असा की ब्लॉग कुठेही हलवला तरी पत्ता तोच राहतो. पण डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं घ्या. आपल्या बाजारात कितीतरी दुकानांची वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलानं डोमेन स्वतःच्याच नावावर घेतलेलं असतं. तो पुण्याला नोकरीला गेला की दुकानदाराच्या हातात काही उरत नाही. आणि त्याचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, चुकलं तर दुसरा कुणीही ते नाव घेऊ शकतो.

मी आता काय करते ते सांगते. लेख आधी लॅपटॉपवर साध्या फाइलीत लिहिते. मग ब्लॉगवर टाकते. मग त्यातला एक परिच्छेद आणि लिंक फेसबुकवर. याच क्रमानं. उलटं केलं की पहिली पायरी कधीच होत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास खबरदारी. ज्यांचं जुनं लिखाण श्रीलिपी, आयएसएमसारख्या जुन्या सॉफ्टवेअरांत किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं आहे, त्यांनी ते आताच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्यावं. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. बदलून देणारी साधनं मोफत मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, म्हणून एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये सेव्ह करताना 'यूटीएफ-८' निवडा. नाहीतर पुढच्या वेळी सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात आणि त्यातून मराठी परत येत नाही.

५. जुनं बाहेर काढा

गुगलमधलं आपलं सगळं उतरवून घ्यायला 'टेकआउट' नावाची सोय आहे. तिथं सगळं निवडलेलं असतं. आधी सगळ्या खुणा काढा, मग फक्त 'फोटोज' आणि ब्लॉग असेल तर 'ब्लॉगर' निवडा. तुकड्याचा आकार विचारतात तेव्हा २ जीबी ठेवा. ५० जीबीची एकच फाइल उतरवताना लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, लहान तुकडा असेल तर तेवढाच पुन्हा उतरवायचा. गुगल तयारी करून ईमेलवर लिंक पाठवतं, त्याला काही तास ते एखाद-दोन दिवस लागतात. लिंक साधारण आठवडाभरच चालते, म्हणून शुक्रवारी मागा आणि रविवारी उतरवा.

सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उघडा. प्रत्येक फोटोबरोबर जेसन (JSON) नावाची बारीकशी फाइल येते. त्यात तुम्ही लिहिलेली ओळ, तारीख, जागा असते. कचरा समजून त्या उडवू नका. फोटो एका तुकड्यात आणि त्याची ही फाइल दुसऱ्या तुकड्यात, असंही होतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर अकाउंट सेंटरमध्ये तुमची माहिती उतरवून घ्यायचा पर्याय आहे. इथं तीन गोष्टी बघा. तारीख 'सर्व काळ' आहे का, नाहीतर मधल्याच काळाचं येईल. दर्जा 'हाय' ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट एचटीएमएल (HTML) निवडा, जेसन नको. फेसबुकच्या जेसन फाइलीत मराठी अक्षरं मोडून येतात, वाचताच येत नाहीत. एचटीएमएलमध्ये तीच पोस्ट ब्राउझरमध्ये स्वच्छ मराठीत उघडते. मी पहिल्या वेळी चुकीचं निवडलं आणि रात्री अकरा वाजता वडिलांवर लिहिलेल्या पोस्टच्या जागी नुसते आकडे आणि तिरप्या रेघा बघत बसले होते.

फेसबुकवरून उतरवलेला फोटो मूळ फोटोपेक्षा लहान असतो, कारण चढवतानाच तो आवळलेला असतो. मूळ फोटो कुठेच नसेल तरच त्यावर भागवा.

ब्लॉगची निर्यात केली की लिखाणाची फाइल मिळते, पण तिच्यात फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. ब्लॉग बंद झाला की ते पत्तेही मेले. फोटो वेगळे उतरवा.

मोबाईल केबलनं जोडून कॉपी करत असाल तर कॅमेऱ्याच्या फोटोंचं 'डीसीआयएम' (DCIM) फोल्डर घेऊन थांबू नका. व्हॉट्सॲपचे फोटो 'अँड्रॉइड'च्या आत, 'मीडिया'च्या आत असतात. आयफोनचे फोटो 'हाइक' (HEIC) नावाच्या प्रकारात असतात, ते सगळ्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. जेपीजी करून एक प्रत ठेवा.

ज्यांची जागा आधीच बंद झाली आहे त्यांनी इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन बघावं. ही १९९६ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था, जगभरची सार्वजनिक पानं जमेल तशी जपून ठेवते. त्यात बंद संकेतस्थळाचा जुना पत्ता टाकायचा. माझ्या साठांतले चौदा लेख मला तिथं मिळाले. बिड्यांचा लेख त्यात होता. आई तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन पान कात्रीनं कापते, त्या आवाजाचं वर्णन मी विसरून गेले होते. आज ते पुन्हा लिहायला बसले तर तसं जमणार नाही, कारण आईनं बिड्या वळणं सोडून आता वीस वर्षं झाली. पानं जिवंत असतानाच तिथं साठवायलाही देता येतात. ब्लॉगच्या सार्वजनिक लेखांसाठी मी ते आता करते. खासगी काही तिथं देऊ नका.

६. कागदी फोटो आणि नावं

कागदी फोटो अल्बममधून ओढून काढू नका. चिकटलेला असेल तर प्लास्टिकसकट काढा. सकाळी खिडकीजवळ सावलीत ठेवा, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोच्या बरोबर वर आणि सपाट. प्लास्टिकवर चमक येत असेल तर गडद रंगाची चादर डोक्यावरून घेऊन काढा, सोलापूरच्या घरात चादरीला तोटा नाही. फोटोची मागची बाजूही काढा. वडिलांच्या एका फोटोमागे त्यांच्या हातचं 'भोगी, ७८' एवढंच लिहिलं आहे. समोरच्या बाजूला ते पांढऱ्या बाराबंदीत उभे आहेत. तारीख त्या दोन शब्दांमुळेच कळली.

फोल्डरला वर्ष आधी लिहून नाव द्या, '२०१९-०१ गड्डा', '२०१९-०५ ताईचं लग्न', म्हणजे ओळीनं लागतात. अंक एकाच लिपीत ठेवा.

मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला लॅपटॉपसमोर बसवा. हे पुढं ढकलू नका. मी एका फोटोला 'काकू' नाव देऊन टाकलं होतं. आई म्हणाली, "ती काकू नव्हं, काकूची जाऊ हाय. मागं दिसतोय तो जुन्या गिरणीचा भोंगा." मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करत होते. ती फाइल आता त्याच फोल्डरमध्ये आहे. फोटो कुणीही जपेल, नावं तिच्याशिवाय कुणाला माहीत नाहीत.

७. दुसरी प्रत दुसऱ्या घरात

फोटोग्राफर लोक ३-२-१ म्हणतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या जागी. माझं असं आहे : एक गुगलवर, एक डिस्क माझ्या कपाटात, एक विजापूर रोडला बहिणीकडे. तिची माझ्याकडे. एकाच घरात दोन डिस्क ठेवल्या तर पुरात, आगीत दोन्ही जातात.

डिस्क माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. कॉपी चालू असताना केबल ओढू नका, लॅपटॉप पूर्ण चार्ज असल्याशिवाय सुरुवातही करू नका. पेन ड्राइव्ह नेआण करायला ठीक, साठवायला नाही. लग्नाच्या सीडी या महिन्यात उतरवून घ्या. माझ्या दोन सीडींपैकी एक आता कुठल्याच ड्राइव्हवर वाचली जात नाही.

८. कुलूप

मूळ ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. मोबाईल हाताशी नसताना आत जायला मिळतात ते बॅकअप कोड वहीत उतरवा. पासवर्ड फेसबुकचा वेगळा, ईमेलचा वेगळा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, 'मी तुझ्या मामाचा मित्र' म्हणाला तरीही. शेअर केलेल्या अल्बमची लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला फोटो दिसतात, म्हणून कार्यक्रम उरकला की महिन्याभरानं लिंक बंद करा. शाळेचा गणवेश आणि शाळेचं नाव दिसणारे लहान मुलांचे फोटो मी पहिल्या ढिगात ठेवतच नाही.

९. आपल्यामागे

बोलायला जड जातं, पण करायला दहा मिनिटं लागतात. गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. तुम्ही ३ ते १८ महिन्यांतली जी मुदत ठरवाल तेवढा काळ अकाउंट वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि हवं असेल तर फोटोही दिले जातात. फेसबुकवर आपल्यामागे अकाउंट सांभाळणारा माणूस, 'लेगसी काँटॅक्ट', नेमता येतो. गुगल दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट काढून टाकू शकतं. वडीलधाऱ्यांचं जुनं जीमेल घरात कुणाकडे असेल तर त्यात अधूनमधून लॉगिन करत राहा. मी भाचीला नेमलं आहे आणि तिला तसं तोंडानं सांगितलंही आहे. वही कुठे आहे, ते तिला माहीत आहे.

१०. वर्षातून एक दिवस

मी गड्ड्यानंतरचा रविवार धरला आहे, कारण तेव्हा मोबाईलमध्ये नवे फोटो भरपूर असतात. त्या दिवशी नवं सगळं दोन्ही डिस्कवर घ्यायचं, गुगलची जागा किती उरली ते बघायचं, डोमेनचं भाडं तपासायचं, वहीत बदललेले नंबर लिहायचे. मग प्रत्येक डिस्कवरच्या कुठल्याही पाच फाइली उघडून बघायच्या. नुसतं नाव दिसलं म्हणून समाधान मानायचं नाही, फाइल उघडायचीच. त्यातली एक सगळ्यात जुन्या फोल्डरमधली हवी. उघडली नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवरून ते फोल्डर परत घ्यायचं आणि ती डिस्क बदलायची. पाच वर्षं झालेली डिस्क चालत असली तरी मी बदलणार आहे, म्हणून प्रत्येकीवर घेतल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे.